अकरा हजारांत बसेल अशी

आधीची पोलादी तारांची होती, मैत्रिणीची, उसनी.
चार महिन्यांत डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले
आणि मला शिरा सापडेनाशा झाल्या.

दोंडाईच्यात लॅबमध्ये रक्त काढते मी.
डोळ्यांना दिसते ती शीर सोपी;
तापाने सुकलेल्या पोराची
बोटालाच कळते, कातडीखाली, किंचित उसळती.
त्या आठवड्यात एका बाईला तीनदा टोचलं.
ती काही बोलली नाही,
पदर तेवढा दातात धरला.
संध्याकाळी गिटार परत करून आले.

म्हणून नायलॉन.
आणि वायर जोडता येईल अशी,
कारण शनिवारी वाचनालयात आम्ही सहाजण जमतो
आणि सातवा तिथला पंखा,
त्याचाच आवाज मोठा.

धुळे, गल्ली नंबर पाच. एप्रिल, दुपारचे दोन.
खाली हार्मोनियम, फळीवर ताशे,
आणि छताला गिटारी,
बाजारात सुके मासे टांगतात तशा, माना वर करून.
आप्पा दाराशी स्टुलावर बसले, चपला काढून.
डोळे तपासायला आले होते ते, माझ्याबरोबर.

तलरेजाशेठनी पहिली उतरवली ती सोळाची.
पुढची फळी अस्सल लाकडाची, सलग.
म्हणाले, हिचा आवाज वर्षागणिक पिकत जातो.
मी एक तार छेडली, फळीला कान लावला.
आत विहीर होती.
म्हटलं, शेठ, आमच्या पत्र्याखाली मे महिन्यात
पंचेचाळीस असतं. पिकेल की तडकेल?
त्यांनी चष्मा पुसला.
तडकेल, म्हणाले.

साडेआठची होती एक, हिरवा दिवा, चार बटणं.
स्पीकरला लावली तर
काड्यापेटीत गांधीलमाशी.

तिसरी प्लायवूडची. अकरा हजार दोनशे.
मान रुंद, माझी करंगळी
लांबच्या तारेकडे नुसती बघत राहते.
पण तार दाबली तर बोटाला रुतली नाही,
सोडली तर सूर
भाकरी पालथी करावी तसा, अलगद.
पुन्हा दाबली. पुन्हा.
मग दुकानाच्या पोराने पिन खुपसली, आवाज वाढवला,
आणि पहिली तार पुलावरून निसटली,
टक्.

पोरगा तार ओवतो, ती सुटते.
ओवतो, सुटते.

"हाई तार कसानी शे?" दारातून आप्पा.
नायलॉनची.
"मंग ती मना घरनीच शे. दे आठे."

सुलवाड्याच्या बॅरेजवर चाळीस वर्षं जाळी विणलेला माणूस
गिटार मांडीवर आडवी घेतो, परातीसारखी.
डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून बघतही नाही.
अंगठ्याच्या नखावरून तार ओढतो,
दोन वेढे, एक उलटा, थुंकी लावून आवळतो.
"नवं नायलॉन शे. आठ दिन ताण खाई, मंग बसी."
तलरेजाशेठ म्हणाले, मी गिऱ्हाइकाला हेच सांगतो,
कुणी ऐकत नाही,
दुसऱ्या दिवशी येतात भांडायला, बेसूर झाली म्हणून.

गाठीचे दोनशे त्यांनी सोडले.
कव्हरचे साडेतीनशे मात्र सोडले नाहीत.
आम्ही कव्हर घेतलं नाही.
आप्पांच्या उपरण्यात गुंडाळून
एस्टीत, दोघांच्या मधे, खिडकीकडे तोंड करून ठेवली.

सोनगीरच्या आत ती गाठ सोडून बाकी सगळं उतरलं,
सहाही तारा, आपापल्या मर्जीने.
मी पिळत बसले नाही. आठ दिवस.

आप्पा झोपले होते, हात माझ्याकडे पसरून.
मी डोळे मिटले आणि त्यांच्या कोपराच्या खळग्यात
डावं मधलं बोट ठेवलं.
लगेच नाही.
थोडं बाहेरच्या अंगाला सरकल्यावर, हं,
ही काय.

चिमठाण्याच्या फाट्यावर आठवलं,
नऊ व्होल्टचा सेल पोराने काढून घेतला होता,
आणि दुसरा घ्यायचा राहिलाच.