तैनातीची याद

थोरल्यांचा हुकूम सुकतीच्या वेळी आला,
तरीतून नव्हे, चिखलातून, गुडघाभर,
जासुदाच्या पगडीत कोरडा.
उत्तरेचे दक्षिणेस, दक्षिणेचे उत्तरेस.
ज्याला तटावरून आपलं कौल दिसतं
तो त्या तटावर नको.
कारण लिहिलेलं नव्हतं.
गेल्या अवसेला चोरदिंडी आतून उघडली गेली,
आणि उघडणारा अंधारात
मेहुण्याला नावाने हाक मारत होता.

घराण्याची वाटणीच तशी:
एक कोट थोरल्यांचा, पुढचा धाकट्यांचा,
मधल्या खाडीत दोघांची निशाणं
आणि एकच मासळी.

मी सबनीस. बोरू तासला.
शाई टिपायला पुळणीवरची वाळू घेतो,
तिच्यात शिंपल्याची कच असते,
लिहिलेलं नाव क्षणभर चमकतं.

सिदनाक, बारा वर्षं याच दरवाजात: अंजनवेल.
दुलबाजी पाटेकर, गोलंदाज,
तोफेला म्हशीचं नाव ठेवलेला: हर्णै.
तोफ इथेच.
इब्राहिम दालदी, सुकाणूवर,
काळोखात पाण्याच्या आवाजावरून
खडक किती हात ते सांगणारा:
‘सदरहूस देवगडी रुजू करावे.’
म्हणाला, तिकडचं पाणी मला ओळखत नाही.
मी म्हटलं, हुकुमात पाण्याचा उल्लेख नाही.

दहाव्या दिवशी नवे आले.
मिठाला जागणारी, इमानी माणसं.
वारा कुठून शिरतो ते ठाऊक नसल्याने
अंथरुणं नेमकी तिथेच घातली.
पहिल्याच उधाणाला त्यांच्या तांडेलाने
आमचीच गुराब सासू-सुनेच्या दगडावर घातली.
एकेचाळीस नावं.
त्याच बोरूने ओढली रेघ.
शत्रू त्या दिवशी समुद्रात नव्हताच.

मग धाकट्यांचा जासूद सापडला, कमरेला याद.
उघडली
आणि अक्षर ओळखलं:
र ची शेपटी वामासारखी वळलेली.
त्या शेपटीपायी आडिवऱ्याच्या पंतोजींनी
आम्हा दोघांना एकाच छडीने मारलं होतं.
गुणो शंकर.
त्यानेही लिहिलं होतं,
उत्तरेचे दक्षिणेस.

दोन्ही यादी शेजारी मांडल्या,
वाऱ्याला कोपऱ्यांवर दगड ठेवले.
कुठल्याही तटावर
भाऊ भावासमोर उभा नव्हता.
अख्ख्या किनाऱ्यावर कुणालाच कुणाला
नावाने हाक मारता येणार नव्हती.
हुकूम तामील झाला होता, दोन्हीकडून,
वळणदार अक्षरात.
गुणोच्या बेरजेत मात्र एक माणूस जास्त होता.
हिशेबात तो कच्चाच,
तरी मी तीनदा मोजलं.

माझं घर कुठे, कुणी विचारलं नाही.
वही दुसऱ्या कुणाला लागत नाही.

आज दक्षिणेच्या बुरुजावर नवा पोर आहे,
ओठांवर लव नुकती फुटलेली,
तोफेच्या कानाला तेल लावतो.
दुलबाजीची म्हैस त्याला अजून दाद देत नाही.
पलीकडे, खाजणाच्या वर,
उंडीखाली एक दिवा लागला.
लागला तो डाव्या खुंटीला,
उजवी मीच मोडली होती, लग्नाच्या वर्षी.

पोराने विचारलं, ते गाव कुठलं?

मी म्हणालो, माहीत नाही,
मीही इकडे नवाच.

तो डोळा बारीक करून बघत राहिला.
म्हणाला, टप्प्यात आहे.