अर्धी कुर्ली

मुकादम सरांनी शाळेच्या सभागृहात पडदा लावला
तेव्हा दाभोळच्या खाडीला भरती होती,
पडद्यावरच्या खाडीलाही.
तिथे दोन तासांत ओहोटी आलीच नाही.

पुस्तकात तीन पानं नुसती ओहोटी आहे.
चिखल, चिखलातली भोकं, भोकांतले डोळे,
आणि तरीवरचा लंगडा कुत्रा
एकेक पाय ठेवतो, उपसतो, ठेवतो.
लहानपणी ती पानं मी उलटून टाकायचे.
आता तेवढीच वाचते,
फेरीबोटीच्या तिकीट-खिडकीत, दोन फेऱ्यांच्या मध्ये.

पुस्तकातला ऊद बोलत नाही.
कुत्राही नाही.
रात्री हा दगडावर माशाचं डोकं ठेवतो,
पहाटे तिथे अर्धी कुर्ली असते.
सिनेमात दोघं बोलतात, तेही पुण्याच्या मराठीत,
ऊद तर विनोद करतो,
त्याला नाव आहे. टोपी नाही, एवढंच नशीब.
आणि पाणी निळं!
आमचं पाणी चहाचं भांडं विसळल्यासारखं.

पण खोटं कशाला बोलू,
एका जागी सिनेमानं पुस्तकाला मागे टाकलं.
कुत्रा झोपलाय, लांब कुठे पाणी डुचमळतं,
आणि त्याचा एक कान
झोपेतच वळतो.
बाकी काही नाही. संगीत घालायलाही विसरले बहुतेक.
तो कान लेखकाला सुचला नव्हता.
पुस्तक मला पाठ आहे, म्हणून सांगते.

शेवटी ऊद परत येतो, तीन पिल्लं घेऊन,
मागे समुद्रातून सूर्य उगवतो.
आमच्याकडे तो समुद्रात फक्त बुडतो,
हे कुणीच बोललं नाही.
माझी भाची शर्वी रडली.
मागच्या रांगेत होडेकर चाचा नाक शिंकरत होते.

घरी येताना तिनं विचारलं,
आत्या, पुस्तकातपण येतो का तो?

माझ्या प्रतीला शेवटचं पान नव्हतंच कधी.
आईनं ते सुकटीच्या पुडीला फाडलं, हा माझा आरोप,
तिनं जाईपर्यंत कबूल केला नाही.
उरलेली ओळ एवढीच: कुत्रा दगडाशी उभा राहिला.
पुढचं मी घडवत आले, जसं वय तसं.
नवव्या वर्षी ऊद परत आला.
सोळाव्या वर्षी कुत्रा पाण्यात उतरला.
माझं लग्न मोडलं त्या वर्षी
कुत्र्यानं माशाचं डोकं स्वतःच खाल्लं.

सिनेमानंतर महिन्याभरात चिपळूणला
रद्दीच्या दुकानात अख्खी प्रत सापडली.
एस.टी.ला वेळ होता. उभ्याउभ्याच शेवटचं पान काढलं.
त्यावर प्रकाशकाची इतर पुस्तकं होती,
नावं, किमती, टपालखर्च वेगळा.

गोष्ट माझ्याच प्रतीत संपलेली होती,
तीस वर्षं.
आईनं फाडलीच असेल तर जाहिरात फाडली होती.

मग सिनेमावाल्याकडेही माझ्यासारखीच
फाटकी प्रत असणार.
माझा राग तिथेच, स्टँडवर, थोडा उतरला.

शर्वीपुढे दोन्ही पुस्तकं ठेवली.
तिनं जाहिरातीचं पान आधी वाचलं, किमतींना हसली.
मग म्हणाली,
म्हणजे पुढे काय झालं कुणालाच माहीत नाही?
लेखकालापण?

तेवढ्यात धोपाव्याची सहाची फेरी लागली.
दोन रिक्षा, एक शेळी, सुट्ट्या पैशांवरून भांडण.

बोट गेल्यावर आम्ही जेटीच्या पायऱ्या उतरलो.
पाणी ओसरत होतं.
नुकत्याच उघड्या पडलेल्या पायरीवर, शेवाळात,
अर्धी कुर्ली.

बगळ्यानं टाकली असेल,
असं म्हणायला मी तोंड उघडलं.
शर्वी काहीच विचारत नव्हती.
तिनं मान किंचित वळवली होती,
एक कान खाडीकडे.