सुंठ आणि जायफळ

एप्रिल लागला की घरातलं घड्याळ कुत्र्यांच्या हाती जातं.
पावणेपाचला सुंठ गादीच्या कडेवर हनुवटी टेकते
आणि नुसती बघते.
भुंकत नाही. बघणं पुरतं.
जायफळला एवढा धीर नाही,
तो चपलाच आणून टाकतो उशाशी,
एक माझी, एक हेमलताची,
दोन्ही डाव्या.

यारी रोड त्या वेळी कुणाचाच नसतो.
मी उकिडवा बसून पालथा हात डांबरावर ठेवतो,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
सात मोजतो.
अजून निवांत आहे, चला.
साडेसातनंतर याच रस्त्याचा तवा होतो
आणि यांच्या पायांत तर काहीच नाही.

चाळीस वर्षं मी कवळ्या केल्या.
वरचा दात खालच्यावर कसा बसावा
ते मेणात कोरत राहिलो,
आणि घरात आली ही दोन बॉक्सर,
खालचा जबडा पुढे काढून हिंडणारी,
जणू कुणी शिकाऊ पोरानं साचे उलटे लावले.
नाक आखूड, जीभ हातभर,
उकाडा सगळा त्या जिभेवरून बाहेर काढायचा.

दुपारी घरातली सर्वात थंड लादी कुठली
ते सुंठला ठाऊक. बारा वाजता मोरीच्या उंबऱ्यापाशी,
तीनला देव्हाऱ्याखाली,
पाचला ती स्वतःच लादी झालेली असते.
जायफळ बर्फाच्या खड्यामागे घरभर धावतो,
खडा लहान होत होत सोफ्याखाली जातो,
मग तो ओल्या डागापाशी उभा राहून
कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघतो :
कुठे लपवलास?

रविवारी वर्सोव्याहून तरीनं मढला.
हिराजी माझे पैसे घेतो, सुंठचे अर्धे,
जायफळचे नाही. तो नाळेवर उभा राहतो,
"खलाशाकडून कसलं तिकीट घ्यायचं?"

पलीकडे बांबूंवर बोंबील वाळत होते,
जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं.
मी बघत राहिलो. असा चावा
मला कधी साधला नाही.
तेवढ्यात जायफळनं एक ओढला
आणि त्याच्यामागून अख्खी दोरी आली.

मथुराबाई काठी घेऊन धावली.
शिव्या पहिल्या प्रतीच्या, एकही शिळी नाही.
मग त्याचं तोंड दिसलं,
दोन्ही गालांतून लोंबणारे बोंबील, वर त्या आठ्या,
आणि ती हसली, हसताना तोंडावर हात धरला
तो कवळी सुटू नये म्हणून. मला बरोबर कळलं.
"टोचते का?"
"तुला कसं ठावं?"
"माझं पोट त्याच्यावर चाललं."
तिनं पदराआड काढून हातावर ठेवली, धुऊन.
माझ्याकडे होती फक्त सुंठच्या नखांची कानस.
समुद्राच्या पाण्यात घासून घेतली,
डाव्या बाजूला तांदळाएवढी कड उतरवली.
तिनं घातली. गाल हलवून पाहिले.
सुका बोंबील घेतला, कचकन तोडला,
अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा सुंठला दिला.
सुंठनं तो इतक्या हळू घेतला
की मला उगाच लाज वाटली.
दोन जुड्या हातात कोंबल्या माझ्या. पैसे नाहीत घेतले,
पण पडलेल्या दोरीचे मोजून घेतले.

घरी आलो तेव्हा साडेनऊ, ऊन चढलेलं,
सुंठचे गुडघे पायऱ्यांना नाही म्हणत होते.
लिफ्टमध्ये चौबळबाई.
लाळेबद्दलची सोसायटीची नोटीस त्यांच्याच अक्षरातली.
मी म्हटलं, आम्ही थांबतो, तुम्ही जा.
त्यांनी नाक वर केलं, दोनदा हुंगलं.
"मढचे?"
"हो."
"एक जुडी मिळेल?"
आणि दार धरून ठेवलं.

पहिला मजला. दुसरा.
सुंठच्या ओठावरून एक लांब तार
सावकाश खाली उतरत होती,
बाईंच्या नव्या चपलेच्या दिशेनं.
आम्ही दोघंही वर आकडे बघत राहिलो.