पट्टा नंबर सतरा

माझ्याकडे चावी असते आणि वही.
ताळगावच्या या साइटवर, जिथं परवापर्यंत
वांग्यांची शेतं होती,
सकाळी साडेसातला पत्र्याच्या शेडसमोर रांग लागते.
मी पट्टे देतो.
नाव, नंबर, सही. सही येत नसेल तर अंगठा.
शाई संपली की काही जण चुन्यात अंगठा बुडवतात, हसत.

पट्टा कुणालाच आवडत नाही.
खांद्याला काचतो, घामानं चिकटतो,
वाकलं की मांडीत रुततो.
दुर्योधन बेहेरा म्हणाला, आम्ही काय बैल आहोत?
मी म्हणालो, बैल पडला तर मालक रडतो तरी.
हे म्हणायला नको होतं.
त्या दिवशी तो माझ्याजवळ जेवायला बसला नाही.

माझा बाप पाडेली होता.
पायांत काथ्याचा फास, कमरेला कोयती,
दिवसाला तीस माड.
म्हणायचा, नारळाला डोळे असतात,
माणूस बघून पडतो तो.
विटेला डोळे नसतात.
पान्याला नसतात.
सातव्या मजल्याच्या कडेला, जिथं कठडा यायचाय अजून,
तिथल्या हवेला तर मुळीच नसतात.

लिफ्टच्या भोकावर प्लायवूड टाकून मी लाल रंगानं लिहिलं,
खाली भोक आहे.
हनमव्वाच्या मुलीनं तेच कन्नडमध्ये लिहिलं.
ओडिया लिहिणारं कुणी सापडेना, तेव्हा
एक काळा गोल काढला आणि त्यात पडणारा माणूस.
तो नाचल्यासारखा दिसतो.
आता त्या फळीला आठ खिळे आहेत,
कारण एकानं ती रिकामी समजून उचलली होती
आणि उचलून पुढचं पाऊल टाकलं होतं.
मागच्यानं कॉलर धरली म्हणून.

तेवीस तारखेला, दुपारी दोन वाजून गेल्यावर,
शिवलिंगप्पा बाहेरच्या प्लास्टरवर होता.
परांचीची फळी सरकली.
मी शेडमध्ये पेज जेवत होतो.
आवाज आला नाही.
पडण्याचा आवाज असतो, न पडण्याचा नसतो.
बाहेर आलो तर सहाव्या आणि पाचव्याच्या मध्ये
तो लटकलेला, पट्टा नंबर सतरा,
एक चप्पल खाली वाळूत.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मग लक्षात आलं,
त्याला परत आणायचं कसं हे कुणी ठरवलंच नव्हतं.
शिडी गोदामात. गोदामाची चावी अल्वारीसबाबाकडे.
अल्वारीसबाब दुपारचा झोपलेला, फोन उशीखाली.
माझ्याकडे चावी असते.
ती नव्हती.

अकरा मिनिटं.
मांडीचे पट्टे रक्त अडवतात,
त्याचा चेहरा राखेसारखा व्हायला लागला.
पाय हलव, हनमव्वा खालून ओरडत होती,
सायकल चालव, सायकल!
आणि तो हवेत सायकल चालवत होता
दोना पावलाच्या दिशेनं.
शेवटी दुर्योधननं, स्वतःचा पट्टा खांबाला अडकवून,
पाचव्याच्या खिडकीतून त्याच्या पायांना मिठी मारली
आणि आत ओढला.

नियम असा आहे की
एकदा माणूस झेललेला पट्टा पुन्हा वापरायचा नाही.
वरून नवाच दिसतो.
आतले काही धागे ताणून गेलेले असतात,
कोणते, ते सांगत नाहीत.
ठेकेदार म्हणाला, दोन महिन्यांचा आहे, धुऊन टाक.
मी कात्री मागितली.
जाड असतो तो. अर्धा तास लागला.

संध्याकाळी शिवलिंगप्पा आला, लंगडत.
एक तुकडा मागत होता,
पोराची झोळी बांधायला. शुभ आहे म्हणाला.
नाही दिला.
झोळीला तर नाहीच.
नंबराचा बिल्ला तेवढा काढून दिला.

वहीत 'परत आला' असा एक रकाना आहे.
सतराच्या पुढं काय लिहावं कळेना.
पट्टा आला नव्हता, माणूस आला होता.
बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी शिडी शेडबाहेर, बिनकुलपाची.
रांगेत दुर्योधन पहिला.
पाठ माझ्याकडे वळवून म्हणाला,
घट्ट बांध.
बैलाला बांधतात तसा.