बंदा नसलेला रुपया

मधल्या मारुतीच्या मागे, पोतदारांच्या पेढीत
एक पत्र्याचा डबा असतो. त्याच्यावर
अजून वाचता येतं: वनस्पती तूप, चार किलो.
त्यात मोड. पैंजणांचे तुकडे, चेपलेली जोडवी,
आणि त्या गाळात कुठंतरी माझी नाणी.
शनिवारी आटणी. म्हणून मी शुक्रवारी जातो.

'आले फुटक्याचं गिऱ्हाईक,' शिवलिंग पोतदार म्हणतो,
आणि डबा उपडा करतो एका जुन्या चादरीवर.
चादर आमच्याच कारखान्यातली, मोरांची,
जिच्या धाग्याधाग्याचा हिशेब मी एकतीस वर्षं लिहिला.

प्रदर्शनात ही नाणी कोणी घेत नाही.
तिथं भिंगं असतात, पांढरे हातमोजे.
राजाच्या दाढीचा केस न् केस मोजतात,
आणि कडेला डाखाचा एक थेंब दिसला
की नाणं परत सरकवतात, बोटाच्या टोकानं,
केस निघालेलं ताट सरकवावं तसं.
'बंदा आणा साहेब, बंदा.
हे दागिना झालंय. मेलेलं.'

मी काही बोलत नाही.
माझ्याकडे एकशे चौदा मेलेली आहेत.

एका राजाच्या कपाळातच भोक,
खिळ्यानं पाडलेलं, घाईत, कडा आत वळलेल्या.
एका राणीच्या अंबाड्यावर तांब्याची कडी.
निजामाचा एक रुपया: चारमिनारच्या कमानीतून
दोरा ओवलेला. दार होतंच तिथं,
कोणीतरी नुसतं उघडलं.
आणि एक लढाईतला पैसा, ज्याला भोक
सरकारनंच पाडलं, तांबं वाचवायला.
त्याला मात्र कोणी नावं ठेवत नाही.

बहुतेकांची एक बाजू गुळगुळीत.
मला वाटायचं, बाजारात झिजली असेल.
पण बाजार दोन्हीकडून झिजवतो.
ही एकाच बाजूनं गेलेली, कातडीकडच्या.
राजा बाहेर बघत राहिला, शाबूत, नाकासकट,
सन आतल्या बाजूला,
सोलापूरच्या उन्हाळ्यांत घामानं पुसत गेलं.
माझ्या वहीत 'सन' हा रकाना
म्हणून जवळजवळ कोरा आहे.

परवा पेढीवर मुळेगाव तांड्याची जमलीबाई होती.
कांचळीवरून उसवलेल्या अकरा अधेल्या, फडक्यात.
नातीची नर्सिंगची फी.
पोतदारानं काटा थांबायची वाट बघितली,
'वजनाचे मिळतील, बाई.'
मी मध्येच शहाणपणा केला:
'भोकं नसती ना, तर दहापट आले असते.'

ती हसली. फडक्याची गाठ तिनं अजून सोडली नव्हती पुरती.
'भोकं नसती, तर ही ऱ्हायली असती व्हय, दादा?
एक जोंधळ्यात गेली असती, एक दारूत.
याडी म्हनायची,
सुटं नाणं गड्याचं,
शिवलेलं बाईचं.'

अकराही मी घेतल्या.
पोतदारापेक्षा थोडे जास्त दिले.
दहापट मीही दिले नाहीत. हेही लिहून ठेवतो.

रात्री एकेक फरशीवर टाकून बघितली.
खणखणीत वाजेना एकही. बद्द, बद्द.
आतून राजव्वा म्हणाली,
'ओवा की. सुटं कुठं वाजत असतं ते.'
तिला दोरा मागितला. तो तिनं दिला,
पण ओवायचं माझ्याच्यानं झालं नाही.
कोणासाठी ओवायचं?

मग वही काढली. वजन, धातू, राजा, सन.
पट्टी ठेवून शेवटी एक रेघ ओढली,
वर लिहिलं: कोणाचं.
खाली अकरा वेळा जमलीबाई.
त्याच्या वर एकशे चौदा चौकोन, रिकामे,
आणि पट्टी सरकली होती,
म्हणून रेघ थोडी वाकडी.

शुक्रवारी पोतदाराला विचारलं,
तुम्ही काय लिहिता हो, कोणी विकायला आलं की?
त्यानं वही फिरवून दाखवली.
मोड. ग्रॅम.