नळाचा दिवस

नांदेडहून पहिल्या गाडीनं परभणीला उतरले,
गळ्यात कॅमेरा, पिशवीत रव्याच्या लाडवांचा डबा.

स्टेशनबाहेर गाड्यावर एक म्हातारा
बशीतला चहा फुंकत होता. मी कॅमेरा उचलला.
त्यानं बशी खाली ठेवली, टोपी सरळ केली,
आणि ताठ बसला,
आधार कार्डाला बसावं तसा.
मला फुंकर हवी होती.
मिळाला एक गंभीर नागरिक.

गुजरी बाजारात मेथीवर पाणी मारणारी बाई म्हणाली,
“कामून काढायलीस? पेपरात येनार का?”
नाही म्हटल्यावर तिचा रसच गेला.
“मंग मेथी तरी घे.”
घेतली.

कुलूपवाल्याच्या पेटीवर चाव्यांचा झुपका.
“यातली एकबी कशाला लागत नाही,” तो म्हणाला,
“पण झुपका नसला तर गिऱ्हाईक थांबत नाही.”
पिंजाऱ्याच्या दारात कापूस उडत होता,
तो नेमका भिंगावर बसला.
पुढच्या चार फोटोंत धुकं आहे,
परभणीत, फेब्रुवारीत, साडेअकराला.

मुबीनचा स्टुडिओ आता झेरॉक्सचा झालाय.
आतल्या भिंतीला तो पडदा अजून आहे:
तळं, दोन हंस, कुठल्याच देशात नसलेला डोंगर.
दहावीला त्याच्यासमोर मी न् अनसूया उभ्या होतो,
एक गजरा दोघींत तोडून माळलेला.
“तब दम रोकना पडता था,” मुबीन म्हणाला.
“रोल में छत्तीस. उसमें तुम दोनों ने
चार बिगाड़े, हँस हँस के.
आज सुबह से कितने लिये?”
दोनशे बारा.
“अच्छा एक भी?”
माहीत नाही, मी म्हटलं.
तो हसला. “बनी तो बनी, नहीं तो परभनी.”
तेवढ्यात भरतीचे फॉर्म घेऊन तिघं पोरं आली
आणि तो मशीनचं झाकण उचलायला गेला.

अनसूयाच्या गल्लीत शिरले तर पाय ठेवायला जागा नाही:
घागरी, रंगाचे रिकामे डबे, तेलाचं पिंप,
बाळाचा गुलाबी टब, एक तर चक्क कुकर.
सगळ्यांची तोंडं वर.
मी गुडघ्यावर बसले.
अशी फ्रेम रोज मिळत नाही,
आठ दिवसांनी मिळते.

“पाहुणी कसली तू!” अनसूया दारातून ओरडली,
“नळ आलाय, पाईप धर!”

कॅमेरा खुंटीला. ओढणी कमरेला.
बारा वर्षांचं बोलणं धारेतून तुकड्यातुकड्यानं आलं:
सासूबाई गेल्या गं, वर उचल जरा, दिवाळीतच,
तुझी बदली, अगं हौदात सोड,
ह्यांना साखर निघाली, सांडायलंय, सांडायलंय,
आणि तू? एकटीच का अजून? ती बादली सरकव.
सरकवली.
त्या गोंधळात उत्तर राहूनच गेलं,
आणि तिनंही परत विचारलं नाही.

दीड तासानं नळ खोकला, नुसती हवा सोडली, गेला.
मग आम्ही ओल्या पायांनी ओट्यावर बसलो.
मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी.
“लाडू दगड झालेत तुझे,” ती म्हणाली, आणि तीन खाल्ले.

रात्री गाडीत कॅमेरा चालू केला.
दोनशे बारा, गल्लीतले नऊ,
आणि त्यापुढं एकोणतीस, मी न काढलेले.
तिच्या धाकटीनं, भाग्यानं,
स्टूल लावून खुंटीवरून काढला असणार.
निम्मे हललेले. एकात नुसती माझी टाच.
एकात पिंप, आणि पिंपात आभाळाचा तुकडा,
हा तिला दिसला होता की आपोआप आला, कोण जाणे.
एका घागरीच्या काठावर चार हात,
बांगड्या नसलेले दोन माझे.
आणि एकात मी:
तोंड उघडं, केस डोळ्यांवर,
कुणावर तरी जोरात ओरडतेय,
टोपी सरळ करायला
वेळच न मिळालेली.

पूर्णेला गाडी उगीच थांबून राहिली.
समोरच्या आजोबांनी विचारलं, “नांदेड आलं का?”
नाही अजून, म्हटलं,
आणि पुन्हा मागं जाऊन
ती टाच पाहिली.