कुर्डू

ड्रॉइंग-ऑफिस सुटून सहावं वर्ष.
बाल्कनी पश्चिमेची, सव्वा मीटर रुंद.
मोजायची खोड जात नाही.
रंगाच्या रिकाम्या बादलीला
तापल्या सुरीने पाच भोकं पाडली,
पाचही सारख्या अंतरावर,
आणि घणसोलीच्या तळ्याजवळ बसणाऱ्या गोमीबाईला
सांगून आलो, कुर्डू लावतोय.

जुडी बांधता बांधता ती थांबली.
"येरा हाय का तू?
कुर्डू काय लावाची वस्तू हाय?"
शेजारची करंदीवाली हसली,
तिच्या पाटीतला बर्फसुद्धा हलला.

तरी मार्गशीर्षात एक वाळला तुरा
तिने वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, फुकट.
तळहातावर आपटला तर
काळं, चकचकीत बी,
राजगिऱ्याएवढं, किंवा त्याहून किंचित मोठं.
नक्की किती, ते मोजलं नाही.

आषाढात ओळीत पेरलं, बोटाचं एक पेर खोल.
बारा दिवस बादलीकडे पाहत चहा प्यालो.
काही नाही.
खाली पार्किंगमध्ये गटाराच्या झाकणाकडेला मात्र
आठ-दहा रोपं आपली आपण उभी,
वॉचमनच्या खुर्चीचा पाय चुकवून.

"पुरलंस कशाला?" गोमीबाई म्हणाली,
"मेला व्हता का तो?
वरतीच सोराचा. उजेर लागतो त्याला."

मग चिमूटभर नुसतं भुरभुरलं.
पाचव्या दिवशी मातीवर लालसर टाचण्या.
त्यानंतर मी जे करायला नको ते सगळं केलं.
शेंगदाण्याची पेंड. ताकाचं पाणी.
सुतळीचे आधार, काटकोनात.
रोपं उंच झाली, मऊ, परीक्षेला बसवलेल्या मुलांसारखी,
आणि शेंड्यांवर मावा.
वैजयंती म्हणाली, "जरा एकटं सोड त्यांना."
तिने हे इतक्या हळू म्हटलं
की मी दिवसभर त्याचा दुसरा अर्थ शोधत बसलो.

खुडायचं नखाने, कात्री नको.
शेंडा गेला की बगलेतून दोन निघतात.
हे कळायला मला भाद्रपद उजाडला,
तोवर एकाने तुरा काढलाच होता:
टोकाला गुलाबी, खाली उतरत जाणारी चांदी.
तुरा आला की पानं निबर. भाजी संपली.
त्याला तसाच ठेवला. बी पाहिजेच ना पुढे.

रात्री त्याच्याजवळ उभा असताना
हाताला एक जुनी सवय आठवली.
नकाशावर पडीक जमीन दाखवायची एक खूण होती,
तीन बारीक रेघा, खालून जोडलेल्या, वर फाकलेल्या.
शाईच्या पेनाने दिवसाला दोनशे-तीनशे काढायचो.
साहेब म्हणायचे, घाई कर, कुणी मोजणार नाहीये.
ते गवत असेल असं मी धरून चाललो होतो.
ह्या बाजूच्या शीटवरही काढल्या होत्या,
जिथे आता आमची लिफ्ट आहे,
आणि जिथे, ती एकदा सहज बोलून गेली,
गोमीबाईची आई पाटी घेऊन यायची.

उरलेल्या रोपांचे शेंडे खुडले.
कांदा, लसूण, मूठभर जवळा.
वैजयंतीने दोनदा वाढून घेतली, बोलली काही नाही.
एवढं करूनही एक जुडी उरली.

ती घेऊन तळ्याजवळ गेलो.
गोमीबाईने हातावर तोलली, हुंगली,
एक पान मोडून दाताखाली धरलं.
"खत जास्त झाला," म्हणाली.
मग पाणी शिंपडून
आपल्या ढिगात ठेवून दिली,
आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ढीग एकदा सारखा केला.

मी तिथेच उभा होतो, पिशवी रिकामी.
चष्मा पुसला, वाकून पाहिलं.
माझी कुठली, तिची कुठली,
सांगता येईना.